शेंबियन महादेवीला एक मत

'पोन्नियिन सेल्वन'मधलं तुमचं सर्वांत आवडतं पात्र कोणतं, असं कुंभकोणममध्ये विचारलं तर उत्तर द्यायला कुणी वेळ लावत नाही. कॉफीच्या दुकानात विचारा, बसमध्ये विचारा, सोनाराच्या पेढीवर विचारा. प्रत्येकाचं एक पात्र ठरलेलं असतं आणि दुसऱ्याचं पात्र कसं चुकीचं, हेही ठरलेलं असतं. मणिरत्नम यांच्या चित्रपटाचा पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ला आला, दुसरा २८ एप्रिल २०२३ला. त्यानंतर तर शाळेतली पोरंही यात पडली.

आमच्या गल्लीत काही तरुण मंडळी रविवारी एकत्र बसून पुस्तकं वाचतात. त्यांनी या वादाचं मतदानच घेतलं. कागदावर बारा पात्रांची नावं, एका माणसाला एक मत. अट एकच होती. मताखाली कारण लिहायचं, आणि ते स्वतःचं असलं पाहिजे. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून कारणं वाचायचं काम माझ्याकडे आलं. एक मतही मिळालं.

ती कारणं मी दोनदा वाचली. एका लॉरीचालकाने वंदियदेवनला मत दिलं होतं. या माणसाकडे घोडा आणि तलवार सोडून काही नाही, वाडवडिलांचं राज्य बुडालेलं, तरी तो राजकन्येशीही मान वर करून बोलतो, असं त्याने लिहिलं. एका नर्सने पूंगुळलीला मत दिलं, कारण ती रात्री एकटी होडी वल्हवते आणि कुणाला सोबत मागत नाही. आमच्या वहिनींचं मत नंदिनीला. त्यांनी एकच ओळ लिहिली: ती दुष्ट आहे हे सगळे सांगतात, तिला कुणी टाकलं हे कुणी सांगत नाही. चोळांबद्दल या कागदांत फार काही नव्हतं. लिहिणाऱ्यांबद्दल बरंच होतं. म्हणून मीही माझं कारण नीट लिहायचं ठरवलं. चार ओळींत ते मावलं नाही, म्हणून हा लेख.

मराठी वाचकासाठी थोडी ओळख. 'पोन्नियिन सेल्वन' ही कल्की कृष्णमूर्ती यांची पाच भागांची तमिळ कादंबरी 'कल्की' साप्ताहिकात १९५० ते १९५४ या काळात क्रमशः छापून आली. पोन्नी म्हणजे कावेरी. तिचा लाडका पुत्र म्हणजे अरुळमोळीवर्मन, जो पुढे राजराज चोळ म्हणून ओळखला गेला. काळ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. म्हातारा राजा सुंदर चोळ आजारी आहे. थोरला मुलगा आदित्य करिकालन उत्तरेत कांचीला आहे, धाकटा अरुळमोळी लंकेत. मुलगी कुंदवै पळैयारैच्या वाड्यात राहून सगळी सूत्रं सांभाळते. सरदारांचा एक गट राजाच्या चुलतभावाला, मधुरांतकाला, गादीवर बसवायच्या खटपटीत आहे. या मधुरांतकाची आई म्हणजे शेंबियन महादेवी.

आमच्या गावाला या कादंबरीचं वेड असण्याचं कारण साधं आहे. कादंबरीतलं कुडंदै म्हणजेच कुंभकोणम. वंदियदेवन आणि कुंदवै पहिल्यांदा समोरासमोर येतात ते इथल्या ज्योतिषाच्या घरी. पळैयारै इथून दहा किलोमीटरच्या आत आहे. आज तिथे वाडा नाही, भाताची शेतं आणि देवळं आहेत. ज्यांच्या संशोधनाचा कल्कींना आधार होता त्या इतिहासकारांपैकी एक, टी. व्ही. सदाशिव पंडारत्तार, जवळच्या तिरुप्पुरंबियमचे. कुंभकोणमच्या बाणादुरै हायस्कूलमध्ये ते बरीच वर्षं तमिळचे शिक्षक होते. म्हणजे ही गोष्ट आमच्या गावात घडली, आणि तिचा इतिहास शोधणारा माणूसही आमच्याच गावात खडू घेऊन उभा होता.

आता या पात्रांबद्दल दगड काय सांगतात ते पाहू. मत देताना मला त्यापासून दूर जाता येईना.

कादंबरीचा नायक वंदियदेवन शिलालेखात सापडतो तो मुख्यतः नवरा म्हणून. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या लेखांत कुंदवैची ओळख वल्लवरैयर वंदियदेवांची पत्नी अशी दिली आहे. त्याने काय पराक्रम केला, तो कसा बोलायचा, हे कल्कींनी दिलं. कुंदवै मात्र दगडात ठळक आहे. देवळाला कुणी काय दिलं याची यादी कोरायची आज्ञा राजराजाने दिली, तेव्हा आपल्या देणग्यांच्या जोडीला 'अक्कन'ने दिलेल्या देणग्यांचाही उल्लेख केला. अक्कन म्हणजे थोरली बहीण. आमच्या घरात थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ लेखातला तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दादाला मोठ्याने वाचून दाखवला होता. कुंदवैने त्या देवळाला दागिने, सोनं आणि मूर्ती दिल्या. आपल्या आईवडिलांच्या प्रतिमाही तिने तिथे स्थापल्या.

आदित्य करिकालनचा खून झाला, हे खरं. काट्टुमन्नारकोविलजवळच्या उडैयारगुडीच्या देवळात राजराजाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा एक लेख आहे. पांड्याचं शिर घेणाऱ्या करिकाल चोळाला मारणाऱ्या द्रोह्यांची आणि त्यांच्या नातेवाइकांची मालमत्ता जप्त करण्याबद्दलचा तो लेख आहे. त्यात सोमन, रविदासन, परमेश्वरन अशी नावं आहेत. पण त्यांनी हे का केलं, त्यांच्यामागे कोण होतं, हे दगड सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत कल्कींनी नंदिनीला उभं केलं. नंदिनी इतिहासात नाही. पूंगुळली नाही. आळ्वारकडियानही नाही.

मराठी वाचकाला हे नवं नाही. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि थोरले माधवराव म्हटलं की तेच माधवराव डोळ्यांसमोर उभे राहू लागले. कादंबरीने रिकामी जागा भरली यात वाईट काही नाही. भरलेली जागा कोणती आणि मूळची कोणती, एवढं ठाऊक असावं.

शेंबियन महादेवी कादंबरीत आहे. ती शिवभक्त, वृद्ध, सर्वांना आदरणीय. मुलाने गादीचा हव्यास धरू नये असं तिला वाटतं. जुनी विटांची देवळं दगडात बांधावीत ही तिची इच्छा कादंबरीतही येते. पण कुणाला ती आवडतं पात्र वाटत नाही, आणि का ते समजतं. ती घोड्यावर बसत नाही, कुणाच्या प्रेमात पडत नाही, वेषांतर करत नाही. मतदानाच्या कागदावर तिचं नाव सर्वांत खाली होतं.

दगडात मात्र ती जवळजवळ सगळीकडे आहे. राजा गंडरादित्य याची ती राणी. गंडरादित्य ९५७च्या सुमारास वारला. तिचा मुलगा मधुरांतक 'उत्तम चोळ' या नावाने खरोखरच राजा झाला आणि ९८५पर्यंत गादीवर होता. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात म्हटलं आहे की चुलत्याला राज्याची इच्छा आहे तोवर अरुळमोळीने ते मनातही आणलं नाही. उत्तम चोळानंतर राजराज आला, आणि शेंबियन महादेवी त्याच्याही काळात, सुमारे १००१पर्यंत, देणग्या देत होती. म्हणजे वैधव्याची चार दशकांहून अधिक वर्षं. त्याच घराण्यातली सुंदर चोळाची राणी वानवन महादेवी अंगावर पिणारं मूल सोडून सती गेली, असं तिरुक्कोवलूरचा लेख सांगतो. शेंबियन महादेवी मागे राहिली, आणि राहून तिने काम केलं.

मराठी वाचकाला इथे अहिल्याबाई आठवतील. खंडेराव १७५४ला कुंभेरीच्या वेढ्यात पडले. अहिल्याबाई १७९५पर्यंत जगल्या आणि बांधत राहिल्या. दोघींच्या मधे आठशे वर्षांचं अंतर आहे, काम मात्र ओळखीचं आहे. कुंभकोणमच्या पूर्वेला कोनेरीराजपुरम म्हणून गाव आहे. तिथलं दगडी देऊळ शेंबियन महादेवीने नवऱ्याच्या नावाने बांधवलं. भिंतीवर गंडरादित्य शिवलिंगाची पूजा करतो आहे असं शिल्प आहे आणि तो कोण ते खाली कोरलं आहे. देऊळ बांधणाऱ्या स्थपतीचंही नाव आणि त्याला मिळालेला किताब तिथे कोरलेला आहे. नागपट्टिणम जिल्ह्यात तिच्याच नावाचं गाव आहे. तिथल्या देवळात तिच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी, म्हणजे चित्तिरै महिन्यातल्या ज्येष्ठा नक्षत्राला, उत्सव व्हावा म्हणून तिच्या सुनांनी देणग्या दिल्या. सुनांनी सासूचा वाढदिवस दगडावर कोरून ठेवावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं. एक कांस्यमूर्ती अनेक अभ्यासक तिची मानतात. ती १९२९पासून वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

पण माझं मत तिला देवळं बांधली म्हणून नाही. देवळं पुष्कळांनी बांधली. माझं मत तिरुक्कोडिकावलमुळे आहे.

हे गाव कावेरीच्या उत्तरेला, कुंभकोणमहून ईशान्येकडे आहे. तिथलं जुनं देऊळ पाडून शेंबियन महादेवीने ते दगडात बांधवलं. जुन्या देवळाच्या आवारात पल्लव काळापासूनचे लेख कोरलेले दगड पडून होते. ज्यांनी ते कोरवले ते तिचे पूर्वज नव्हते. काही तर ज्या राजांना चोळांनी हटवलं त्यांच्या काळचे होते. नवं बांधकाम करणारा माणूस असे दगड पायात टाकतो किंवा पायरीला लावतो. तिने काय करवलं? ते लेख नव्या भिंतीवर पुन्हा कोरवले. जुन्या राजाचं नाव, त्याचं राज्यवर्ष, देणगी देणाऱ्याचं नाव, सगळं तसंच. आणि सोबत खुलासा कोरला की ही जुन्या दगडाची नक्कल आहे.

हे केवळ इतिहासाच्या प्रेमापोटी झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे व्यवहार होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी देवापुढे अखंड दिवा लावायचा तर माणूस देवळाला मेंढ्या देत असे, एका दिव्याला बहुधा ९६. त्या धनगराकडे सोपवल्या जात आणि धनगर रोज ठरल्या मापाचं तूप आणून देई. लेखांत या मेंढ्यांचं वर्णन न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या असं येतं. म्हणजे जनावर मेलं तरी कळपाची संख्या कमी होऊ द्यायची नाही. धनगराचा मुलगा, त्याचा मुलगा, सगळे त्या तुपाला बांधलेले. हा करार कुठे लिहिलेला? त्या दगडावर. दगड गेला की करार गेला, करार गेला की दिवा विझला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी एका बाईने आपल्या मेलेल्या मुलासाठी दिवा लावला असेल, तर तो तिच्याच नावाने पुढेही जळत राहायचा असेल तेव्हा राणीला तो दगड जपणं भाग होतं. शेंबियन महादेवीला नवं देऊळ आपल्या एकटीच्या नावाने सुरू करता आलं असतं. तिने मागच्यांची देणी पुढे चालू ठेवली.

माझ्या भाचीला हे पटलं नाही. ती म्हणाली, "आत्या, तू पात्राला मत दिलंच नाहीस. तू शिलालेखाला मत दिलंस." तिचं म्हणणं असं की स्पर्धा कादंबरीतल्या पात्रांची आहे आणि त्या हिशेबाने नंदिनीसारखं कुणी नाही. लिहिलेल्या माणसाला लिहिल्याप्रमाणे जोखावं. तिने आणखी एक मुद्दा काढला, तो जड आहे. करिकालनच्या खुनानंतर गादी मिळाली ती शेंबियन महादेवीच्या मुलाला, आणि खुन्यांना शिक्षा झाल्याचा लेख आहे तो त्या मुलाची कारकीर्द संपल्यावरचा. इतिहासकार नीलकंठ शास्त्री यांनीही यावरून उत्तम चोळाकडे बोट दाखवलं होतं. इतरांनी ते खोडलं. मग त्याच्या आईला काहीच ठाऊक नव्हतं का?

पहिल्या मुद्द्यावर मी तिला एवढंच म्हटलं की, मतामागचं कारण स्वतःचं असावं ही अट तुमचीच होती. दुसऱ्या मुद्द्यावर मला उत्तर देता येत नाही आणि कुणालाच येणार नाही, कारण दगड गप्प आहे. मी तिला निष्कलंक म्हणून मत दिलेलं नाही. एका कामासाठी दिलं आहे.

आणि ते काम माझ्या घराला लागून आहे. आम्ही तंजावरी मराठी. १६७६च्या आसपास व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले, त्यांच्या मागोमाग जी कुटुंबं आली त्यांतलं आमचं एक. राज्य १८५५ला संपलं. माणसं इथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ला याच कुंभकोणमात जन्मले. आम्ही घरात मराठी बोलतो, पण ती तुमच्या पुण्यातल्या माणसाला चटकन कळणार नाही. ही लेखनातली मराठी मी मासिकं वाचून शिकले, आणि मोडी चाळिशीनंतर.

आमची आठवण दगडावरही आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरवला. देऊळ राजराजाचं, भिंतीवर भोसले. लहानपणी वडील आम्हाला तिथे उभं करून अक्षरं वाचायला लावत. पण त्याच देवळाची दुसरी गोष्ट मला मोठेपणी कळली. एकोणिसाव्या शतकात ते देऊळ कुणी बांधलं याबद्दल लोक भलत्याच राजांच्या दंतकथा सांगत. राजराजाचं नाव चारी बाजूंना कोरलेलं असून ती लिपी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. १८८६च्या सुमारास हुल्ट्श या जर्मन अभ्यासकाने ते लेख वाचले, तेव्हा बांधणारा पुन्हा सापडला. दगड टिकणं पुरत नाही. मधे कुणीतरी तो वाचून आपल्या काळाच्या अक्षरांत उतरवून ठेवावा लागतो.

माझे पणजोबा कावेरीकाठच्या एका लहान छत्रात हिशेब लिहीत. ते छत्र केव्हाच बंद झालं, इमारतही उरली नाही. त्यांच्या सात वह्या घरातल्या ट्रंकेत आहेत, मोडीत लिहिलेल्या. कुणाच्या नावाने, कोणत्या तिथीला, किती तांदूळ, किती तेल. त्यांत मराठी नावं आहेत, तमिळ आहेत, इथल्या सौराष्ट्र विणकरांची आहेत. पुष्कळ नोंदी बायकांच्या आहेत, आणि पुष्कळदा एखाद्या वारलेल्या मुलाच्या नावाने आहेत. आता घर विकायचं ठरलं आहे. दादाचा त्यात दोष नाही. मुलं चेन्नईला आहेत, छप्पर गळतं. ट्रंकेचं काय करायचं, असं वहिनींनी विचारलं तेव्हा रद्दीचाही विषय निघाला. यात पैशांचा हिशेब कुणाचा देणं लागत नाही, मग ठेवायचं कशाला, असं दादा म्हणाला.

तिथे मला तिरुक्कोडिकावल आठवलं. देणं लागतं, असं मला वाटतं. त्या बाईने तेल दिलं ते मुलाचं नाव घेतलं जावं म्हणून. छत्र नाही, दिवा नाही, तेल नाही. नाव तेवढं वहीत आहे, आणि ती लिपी आमच्या घरात मी एकटी वाचते. माझ्यानंतर ती वही म्हणजे लेख असलेला पण कुणाला न वाचता येणारा दगड.

म्हणून मी नक्कल करते आहे. रोज दोन पानं, देवनागरीत. भाची तमिळमध्ये उतरवते, कारण तिच्या मुलांना तीच लिपी येईल. मतदानात आमचं जमलं नाही, इथे जमतं. अंक आणि तिथी मी होत्या तशा ठेवते, शुद्धलेखन सुधारत नाही, आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहिते की ही जुन्या वहीची नक्कल आहे, मूळ लिहिणारे अमुक. दोन वह्या झाल्या आहेत. पाच उरल्या आहेत, आणि घराचा ताबा पोंगलनंतर द्यायचा आहे.